उतारशाळेचा मालक

जामखेडच्या पंचक्रोशीत १९७०च्या सुमारास गरोदर बाईला पोटभर जेवू घालत नसत. पोर पोटात फार वाढलं तर बाळंतपण अडेल, ही त्यामागची समजूत. बाळ जन्मलं की आईचा पहिला पिवळा चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा. पोराला जुलाब लागले तर खाणंपिणं बंद. अंगातलं पाणी आटून टाळू खोल गेली, की ती देवीची अवकृपा नाहीतर कुणाची करणी. मग धावाधाव भगताकडे. हजार बालकं जन्माला आली तर त्यातली सुमारे १७६ पहिला वाढदिवस पाहत नसत.

या मृत्यूंची यादी नीट पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यातल्या फार थोड्यांना शल्यविशारद लागला असता. बहुतेकांना लागलं असतं चिमूटभर मीठ, थोडी साखर, उकळून गार केलेलं पाणी, आणि हे सांगणारं असं एखादं माणूस ज्याचं ऐकावंसं वाटेल.

हे माणूस कुठून आणायचं, या प्रश्नात रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याचं सगळं आयुष्य गेलं. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्यासाठी जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं त्यांनी शोधलेलं उत्तर महाराष्ट्रात अजून पुरतं वाचलं गेलेलं नाही. आरोळ्यांचं कौतुक भरपूर झालं. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये रजनीकांत पद्मभूषण झाले. पण कौतुक होतं ते त्यागाचं: वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले दोन डॉक्टर दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले, असं. त्याग होताच. मात्र शहर सोडून खेड्यात गेलेले डॉक्टर त्यांच्याआधीही होते आणि नंतरही झाले. आरोळ्यांनी सोडलं ते जास्त अवघड होतं.

त्याची सुरुवात एका फसलेल्या प्रयत्नातून झाली. जामखेडला येण्याआधी दोघांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढली होती. तिथे रोज रांग लागायची, औषध मिळायचं, माणूस बरा होऊन घरी जायचा. आणि काही आठवड्यांनी तेच दुखणं घेऊन पुन्हा रांगेत उभा राहायचा. दवाखाना चांगला चालला होता, गाव मात्र होतं तिथेच होतं. म्हणून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून दोघं १९७०मध्ये जामखेडला आले आणि गुरांच्या एका जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम मांडलं. गावोगाव शिकलेल्या नर्सबाया पाठवायचं ठरलं. कागदावर योजना बिनचूक होती. प्रत्यक्षात परगावची, एकटी, शिकलेली बाई खेड्यात टिकेना. तिला तिथे रात्री राहायची भीती वाटायची आणि गावाला तिचं बोलणं पटायचं नाही. सासूने शिकवलेलं सोडून या पोरीचं कोण ऐकणार?

मग गावांनाच सांगितलं गेलं, तुमच्यातली बाई निवडा. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कितीतरी दलित वस्तीतल्या. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येऊ लागल्या.

ते प्रशिक्षण जवळून पाहण्यासारखं आहे. फळा आणि खुर्च्या नाहीत. बायका जमिनीवर गोल बसलेल्या. आधी प्रत्येकीने आपल्या गावात आठवडाभरात काय झालं ते सांगायचं: कोण बाळंत झाली, कुणाला खोकला महिन्यावर गेला, कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला. मग त्यातूनच धडा. नखं का कापायची, बाळंतपणाला साबण, कोरं पातं आणि उकळलेला दोरा का लागतो, पोटात आडवं आलेलं पोर हाताला कसं लागतं. लिहिता येत नसल्याने सगळं पाठ. त्यामुळे चुकतही कमी. रात्री सगळ्याजणी एकमेकांना जोडून शिवलेल्या मोठ्या पांघरुणाखाली शेजारी शेजारी झोपत. जिच्या सावलीचा गावात विटाळ मानला जाई, तिच्या कुशीला मराठा घरातली बाई. जातीवर व्याख्यान कुणी दिलं नाही, पांघरूणच तेवढं एक होतं.

१९७२च्या दुष्काळातही हाच खाक्या राहिला. कूपनलिका खोदायच्या तर जागा दलित वस्तीच्या बाजूला निघेल, असं पाहिलं गेलं. पाणी हवं असेल त्याने तिथे यावं. तहान लागल्यावर लोक आले.

डॉक्टराला पैसा सोडणं एकवेळ जमतं. शहर सोडणंही जमतं. सुटत नाही ते ‘हे फक्त मलाच येतं’ हे. वैद्यकाची सगळी प्रतिष्ठा, पांढरा डगला, चिठ्ठीवरचं न वाचता येणारं अक्षर, या एका समजुतीवर उभी आहे. आरोळ्यांनी हात घातला तो नेमका तिला. सही करता न येणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं, की गावातली दहापैकी आठ कामं तुझी आहेत. अडलेलं बाळंतपण तेवढं आमच्याकडे पाठव. पंचवीस वर्षांत त्या गावांतलं बालमृत्यूचं प्रमाण काही पटींनी खाली आलं. याच आरोग्यसेविकांपैकी एक पुढे अमेरिकेतल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातलं झुंबर दाखवून तिने सांगितल्याचा मथितार्थ असा, की हे दिसतं छान, पण महाग आहे आणि आमच्या पोहोचेच्या बाहेर आहे; आम्ही पणत्या आहोत, एक दुसरीला लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये लोकांच्या हाती आरोग्य या विषयावर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, तेव्हा जामखेड हे नाव जगाला अपरिचित राहिलं नव्हतं.

इथे लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाकडे वळायला हवं. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो. अर्धमेला पडलेला पाहून याजक पलीकडून निघून जातो, लेवीही जातो. ज्याला यहुदी लोक तुच्छ मानत, तो शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. ख्रिस्ती नसलेल्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. दोन हजार वर्षं तिच्यावर प्रवचनं झाली. जगभर दवाखान्यांना त्या शोमरोन्याचं नाव दिलं गेलं.

पण गोष्टीचा उत्तरार्ध घाईत वाचला जातो. दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून जातो! त्याला त्याची कामं असतात. जाताना तो उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो. त्या काळी मजुराची ती दोन दिवसांची कमाई. याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून तो वाटेला लागतो. म्हणजे पट्टी बदलली, पेज पाजली, रात्री तो कण्हला तेव्हा उठून दिवा लावला, ते सगळं या मालकाने. त्याचं नाव गोष्टीत नाही, धर्म नाही, त्याच्यावर प्रवचनही नाही. शोमरोन्याचा मोठेपणा थांबण्यात आहे, हे सगळे सांगतात. काम दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देऊन निघून जाण्यातही तो आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास या नजरेने पाहिला तर वेगळा दिसू लागतो. नगरला ‘मिशन कंपाऊंड’ हा शब्द अजून तोंडी आहे. भिंतीच्या आत शाळा, दवाखाना, चर्च, बंगला. भिंतीच्या आत कष्ट प्रामाणिक होते, यात शंका नाही. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर १८९४मध्ये दवाखाना उभा केला आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरहून माणसं येऊ लागली. मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं त्याचं मूळ तिथे आहे. पण या सेवेची सर्वांत मोठी फळं भिंतीच्या आत लागली नाहीत. ती लागली भिंतीबाहेर, ज्यांनी कधी बाप्तिस्मा घेतला नाही अशांच्या अंगणात.

सिंथिया फेरार हे नाव किती मराठी वाचकांना आठवतं? अमेरिकन मराठी मिशनची ही अविवाहित बाई १८२७मध्ये मुंबईला आली, १८३९मध्ये नगरला गेली आणि १८६२मध्ये इथेच वारली. पस्तीस वर्षं तिने मुलींच्या शाळा चालवल्या. तिने किती मुलींना ख्रिस्ती केलं असा हिशेब मांडला तर हाती फारसं लागणार नाही. पण जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे फेरारबाईंच्या कामाची प्रेरणा होती, हे स्वतः नमूद करून ठेवलं. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फेरारबाईंकडे घेतल्याचं चरित्रकार सांगतात. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी सत्यशोधक समाज काढला. मिशनच्या वार्षिक अहवालात या घटनेसाठी रकाना नव्हता.

पंडिता रमाबाईंची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याजवळ थांबावं लागतं, कारण प्रत्येक ख्रिस्ती सेवेला विचारला जाणारा प्रश्न तिथे सर्वांत टोकदार होतो. रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात धर्माची सक्ती नाही, असं ठरलं होतं. पण रमाबाई पहाटे प्रार्थना करत आणि त्यांच्या खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, ‘केसरी’ तुटून पडला. १८९३मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंना धर्मांतर नकोच होतं असं सांगून त्यांचा बचाव करणारे पुष्कळ आहेत. हा बचाव म्हणजे त्या बाईचा अपमान आहे. त्यांना जे सापडलं होतं ते इतरांनाही सापडावं, असं त्यांना मनापासून वाटे. मध्य प्रांतातल्या १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः फिरल्या, शेकडो मुली आणि विधवा घेऊन आल्या, केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे मुली शेती, विणकाम, घाणा चालवणं, छापखान्यात खिळे जुळवणं शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल याच हातांनी छापलं. १९२२मध्ये मृत्यूच्या आधी त्यांनी ते काम पुरं केलं. आणि केडगावच्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या, हेही तितकंच खरं. आठ वर्षांची उपाशी पोर, अन्न देणारा हात, आणि त्या हाताची श्रद्धा. यात निवड कितपत मोकळी, हा प्रश्न चुकीचा नाही. त्यावर ‘दुष्काळात आक्षेप घेणारे कुठे होते?’ असा प्रतिप्रश्न नेहमी येतो. तो टाळीचा आहे. त्याने मूळ प्रश्न मिटत नाही.

पण रमाबाईंच्याच हिशेबात दुसरी एक ओळ आहे. शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३मध्ये, म्हणजे सदनावर वादळ घोंगावत होतं त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई, पुढे सगळ्यांची बाया कर्वे, झाली. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्यातून हिंगण्याची संस्था, आणि १९१६मध्ये महिला विद्यापीठ. सनातनी पुण्याने ज्या सदनावर बहिष्कार टाकला, त्याच सदनात घडलेल्या बाईच्या साथीने पुण्याने स्त्रीशिक्षणाची सर्वांत मोठी संस्था उभी केली. मिशनच्या भिंतीला इथे कुणाच्या लक्षात न येता दार पडलं होतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे दार दिसलं असावं. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेऊन वीसेक वर्षं अमेरिकन मिशनचं काम केल्यावर १९१७मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पांगला. संस्था म्हणून तो फसला. पण पगार आणि भिंत या दोन गोष्टी सेवेला कुठे जखडतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

जामखेड हे त्या कोड्याचं अर्धशतकानंतरचं उत्तर वाटतं. आपली प्रेरणा येशू आहे, हे आरोळ्यांनी कधी लपवलं नाही. लग्नाच्या वेळीच दोघांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं ठरवलं होतं, आणि ते ठरवणं प्रार्थनेतून आलेलं होतं. पण त्यांच्या आरोग्यसेविका हिंदू राहिल्या, बौद्ध राहिल्या, मुसलमान राहिल्या. याचं कारण आरोळ्यांची सहिष्णुता एवढंच नाही. कामाची रचनाच तशी होती. त्या बाईचं घर जामखेडच्या धान्यावर चालत नव्हतं. तिला पगार नव्हता. छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळे, ते ती फेडत असे. तिचं कौशल्य तिचं होतं, निवड गावाची होती, गावातला मान तिने स्वतः कमावला होता. जिथे घेणाऱ्याचा हात देणाऱ्याच्या हातात अडकलेला नसतो, तिथे श्रद्धेचा प्रश्न आपोआप मोकळा होतो. केडगावच्या उपाशी पोरीला जे स्वातंत्र्य नव्हतं, ते जामखेडच्या निरक्षर बाईला होतं.

यावर ख्रिस्ती मंडळींतूनच आक्षेप येतो: मग यात ख्रिस्ती काय उरलं? हे तर कुठलीही स्वयंसेवी संस्था करील. आक्षेप खोडून काढण्याआधी त्यातली व्यथा समजून घेतली पाहिजे. ज्या समाजाला दीडशे वर्षं ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवलं गेलं, त्याला आपल्या सेवेवर आपलं नाव असावं असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही येशूने शिष्यांना मिठाची उपमा दिली, हे विसरून चालत नाही. भाजीत मीठ वेगळं दिसायला लागलं की भाजी बिघडली असं कुठलीही सुगरण सांगेल. आरोळ्यांची श्रद्धा दिसत नव्हती म्हणून ती नव्हती असं नाही. ती काम कसं करायचं यात मुरली होती. शेवटच्या रांगेतल्या बाईला पहिलं बसवायचं, विटाळ मानल्या गेलेल्याच्या दारात पाणी न्यायचं, कुष्ठरोग्याला वेगळ्या वसाहतीत न टाकता त्याच्याच गावात बरं करायचं. याला शुभवर्तमानाचा आधार शोधायला फार पानं उलटावी लागत नाहीत.

आता अडचणीची गोष्ट. १९९९मध्ये मेबल गेल्या, २०११मध्ये रजनीकांत. जामखेडचं काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं आहे. पण जामखेडच्या कल्पनेची सर्वांत मोठी आवृत्ती सरकारने काढली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५मध्ये ‘आशा’ आली: गावातलीच बाई, थोडं प्रशिक्षण, घरोघरी जाणं. कल्पना ओळखीची होती. फक्त निवडीत गावाचा आवाज क्षीण झाला, गोल बसून आठवड्याची हकिकत सांगायच्या जागी तक्ते आणि ॲप आले, आणि सगळ्या आरोग्ययंत्रणेच्या उतरंडीत ही बाई तळाशी गेली. ‘स्वयंसेविका’ म्हणून ती कर्मचारी ठरली नाही, मोबदला कामागणिक ठरला. करोनात तिने दारोदार जाऊन ताप मोजला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. २०२१मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं.

संपाच्या वेळी ‘सेवेची भाषा करता आणि पैसे मागता’ असा सूर निघतो, आणि तेव्हा हमखास आरोळ्यांसारख्यांचं नाव घेतलं जातं. जामखेडच्या बायका बिनपगारी राबल्या, मग यांना काय धाड भरली? हा युक्तिवाद लबाड आहे. आरोळ्यांनी जो त्याग केला तो स्वतःचा होता. आरोग्यसेविकेने केला तो तिने निवडला होता, आणि तिच्या पाठीशी तिला नावाने ओळखणारी माणसं होती. सरकारने दुसऱ्याचा त्याग गृहीत धरला, की त्याला सेवा म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. याबाबत जामखेडच्या प्रारूपावरही एक प्रश्न उरतोच: गावातली सर्वांत गरीब बाईच बिनपगारी कामाला का पुरवायची? त्या काळात, तिथल्या नात्यांत त्याचं उत्तर होतं. हजारो आशांच्या बाबतीत ते उत्तर चालणार नाही.

शिवाय ज्या गोष्टीच्या नावाने जगभर सेवेचे गोडवे गायले जातात, तिच्यातही फुकट काही झालं नव्हतं. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला त्याच्या धर्माची, कर्तव्याची आठवण करून दिली नाही. त्याने रोख दोन दिवसांची मजुरी मोजली, तीही काम सुरू होण्याआधी, आणि वर जे लागेल ते देण्याचं कबूल केलं. महाराष्ट्र सरकारने, आणि आरोळ्यांच्या नावाने भाषणं करणाऱ्या प्रत्येकाने, तेवढंच करावं: आशाताईंना कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी आणि त्यांचा मोबदला महिन्याच्या महिन्याला, न मागता द्यावा.